अदृश्य काचकांडी आणि दोन पांढऱ्या फुल्या

आईचा चष्मा सापडत नव्हता, आणि आई ते सगळ्या घराला ऐकवत होती.

"आत्ता इथे टेबलावर ठेवला होता. अदृश्यच झाला मेला!"

भिंगरीने वही मिटली. झालं! आज सकाळपासून हा तिसरा. पहिला दादाचा, "बसस्टॉपवर गेलो की बस अदृश्य होते." दुसरा शेजारच्या काकूंचा, "तुमचे हे हल्ली अदृश्यच झालेत, दिसत नाहीत गल्लीत." आणि आता हा.

"आई, चष्मा अदृश्य झालेला नाही."

"मग कुठाय?"

"ते मला नाही माहीत. पण अदृश्य नाहीये. अदृश्य व्हायचं तर प्रकाश त्याच्यातून सरळ आरपार जायला हवा. वाकायला नको, उलट फिरायला नको, आत अडकायला नको. चष्म्याच्या काचा तर प्रकाश वाकवायलाच केलेल्या असतात! चष्मा ही जगातली सगळ्यात कमी अदृश्य होऊ शकणारी वस्तू आहे!"

"बाई गं, मला कांदा चिरायचाय. आधी चष्मा दे, मग वाकव काय वाकवायचं ते."

"तुझ्या डोक्यावर आहे, आई," दादा पेपरातून मान वर न काढता म्हणाला.

आईने हात वर नेला, चष्मा खाली ओढला आणि स्वयंपाकघरात गेली. भिंगरीचं बोलणं तिथेच टेबलावर पडून राहिलं.

भिंगरीचं खरं नाव शाळेच्या हजेरीपटात होतं आणि तिथेच बरं होतं. लहानपणी एका जागी बसत नसे म्हणून बाबांनी भिंगरी म्हणायला सुरुवात केली, ते पुढे शाळेतही चिकटलं. गंमत म्हणजे घरात गरगरणारी ही मुलगी गेल्या वर्षापर्यंत वर्गात पार मिटलेली असायची. उत्तर येत असलं तरी हात वर नाही. पण या वर्षी तिचा प्रयोग जमला, विज्ञानाच्या बाई सगळ्या वर्गासमोर "वा!" म्हणाल्या, आणि आत कुठलंसं झाकण उडालं. आता ती बोलत सुटली की थांबवायला माणूस लागायचा.

प्रयोग असा होता. चंचुपात्रात ग्लिसरीन ओतायचं. त्यात काचेची कांडी सोडायची. कांडी बुडाली रे बुडाली की नाहीशी! जादू नाही, काही नाही. ग्लिसरीन प्रकाशाला जेवढं वाकवतं तेवढंच त्या कांडीची काच वाकवते, दोघांचा अपवर्तनांक जवळजवळ सारखा. मग ग्लिसरीन संपून काच कुठे सुरू झाली हे प्रकाशाला कळतच नाही. तो आपला सरळ निघून जातो, आणि आपल्या डोळ्यांपर्यंत कांडीची बातमी पोचत नाही.

कुठलीही काच चालत नाही हे तिला बाबांमुळे कळलं. बाबा काचवाले. म्हणजे दारं-खिडक्यांना काचा बसवणारे. घराच्या पुढच्या खोलीत भिंतीला टेकवून काचांचे तुकडे उभे असायचे, आणि काच कापायची हिरकणी आईच्या सुयांच्या डबीत असायची, कारण तेवढी एकच डबी घरात हरवत नसे. भिंगरीने आधी खिडकीच्या काचेची पट्टी ग्लिसरीनमध्ये बुडवून पाहिली. बाबांनी एक डोळा मिटला.

"कड दिसतेय. हिरवट."

"कुठे?"

"ही काय."

दिसत होती खरी, पुसट. मग बाईंनी प्रयोगशाळेतली एक तुटकी काचकांडी दिली, उष्णता सोसणाऱ्या काचेची. बाबांनी तिची टोकं दगडावर घासून गोल करून दिली, बोटभर लांबीची. ती टाकली आणि काय सांगावं! दादासुद्धा "आयला!" म्हणाला.

"टोकाला लाल दोरा बांध," बाबा म्हणाले.

"कशाला?"

"तुलाच सापडायची नाही मग."

"बाबा, दोरा बांधला तर दोरा दिसेल ना! मग अदृश्य काय राहिलं?"

"दोरा दिसावा म्हणूनच बांधायचा असतो."

"तुम्हाला विज्ञान कळत नाही, बाबा," भिंगरी म्हणाली. प्रेमाने म्हणाली, पण म्हणाली.

बाबांनी कांडी पुसून तिच्या हातात दिली. ते तसे कुठेच फार बोलत नसत, आणि भिंगरीला याचा भयंकर वैताग यायचा.

आता शाळेच्या नव्या सभागृहाबद्दल सांगायला हवं, कारण सगळा घोटाळा तिथेच झाला. सभागृहाची पुढची भिंत पूर्ण काचेची होती. मधोमध दार, आणि दाराच्या दोन्ही बाजूंना जमिनीपासून छतापर्यंत एकेक अखंड काच. हे काम बाबांना मिळालं होतं, आणि ते आवडलं तर वरच्या मजल्याच्या सगळ्या खिडक्याही त्यांच्याकडेच येणार होत्या. शाळेच्या सेक्रेटरींनी तसं कबूल केलं होतं. अख्खा मजला! बाबांच्या हाताला इतकं मोठं काम कधी लागलं नव्हतं. आईने तर चार जणींना सांगूनही टाकलं होतं.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी बाबांनी शेवटची काच बसवली, आणि नेहमीप्रमाणे खडूची भुकटी पाण्यात कालवून दोन्ही मोठ्या काचांवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत जाड फुल्या काढल्या. ही त्यांची पद्धत. नवी काच बसली की फुली, आणि ती तीन दिवस पुसायची नाही. "काच बसते एका दिवसात," ते म्हणायचे, "माणसांच्या डोक्यात बसायला तीन दिवस लागतात." चौथ्या दिवशी ते स्वतः जाऊन फुली पुसून यायचे. लोक कटकट करायचे, घाण कसली ठेवलीय म्हणायचे. बाबा ऐकून घ्यायचे आणि फुली ठेवायचे.

प्रदर्शनाच्या दिवशी भिंगरी शाळा उघडायच्याही आधी हजर. तिचं टेबल आत, दाराच्या बरोबर समोर. मागे तिने मोठ्या अक्षरांत पुठ्ठा लावला होता: "अदृश्य म्हणजे नेमकं काय?" खाली दोन रकाने, एकात विज्ञान, दुसऱ्यात "लोक काय बोलतात". दुसऱ्या रकान्यात आईचा चष्मा होता, दादाची बस होती, आणि शेवटी लाल शाईत लिहिलं होतं: हे सर्व चूक.

तिने टेबलावरून मान वर केली तर समोर त्या दोन फुल्या! बटबटीत, ओघळलेल्या, एखाद्या चुकलेल्या गणितावर मारतात तशा. पलीकडच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, "शी! रंग सांडलाय का तिथे?" भिंगरीचे कान गरम झाले. कोणाच्या बाबांनी काढल्यात ते ती काही बोलली नाही. उठली, ओलं फडकं घेतलं, वर्तमानपत्राचे बोळे घेतले आणि बाबांनीच शिकवल्याप्रमाणे दोन्ही काचा अशा लख्ख केल्या की एकही रेघ राहिली नाही. वरपर्यंत पोचायला खुर्चीवर चढली. मागे सरून बघितलं तर काच आहे की नाही तेच कळेना.

"याला म्हणतात पारदर्शक!" ती मोठ्याने म्हणाली.

कुणी तिला सांगितलं नव्हतं, आणि पलीकडची मुलगी आपला पुठ्ठा आणायला गेली होती, म्हणून कुणी बघितलंही नाही. आणि पुसताना तिच्या डोक्यात तीन दिवसांची गोष्ट आली नव्हती असंही नाही. आली होती. पण ती म्हणाली, इतकी मोठी दाराची मूठ दिसते की लोकांना!

दहा वाजता परीक्षक आले. निवृत्त प्राध्यापक, उंच, पांढरी दाढी, चालताना हात पसरून बोलणारे. त्यांच्या एका बाजूला मोठ्या बाई, दुसऱ्या बाजूला सेक्रेटरी. व्हरांड्यातून येता येता सरांना भिंगरीचा पुठ्ठा दिसला. "अरे वा, अदृश्य म्हणजे नेमकं काय," त्यांनी मोठ्याने वाचलं, आणि दाराकडे न जाता, कौतुकाने, थेट पुठ्ठ्याच्या दिशेने निघाले.

धाड!

तो आवाज भिंगरी जन्मात विसरायची नाही. सगळी भिंत थरथरली. काच फुटली नाही, बाबांनी बसवली होती ती. नाक मात्र फुटलं.

मग एकच गोंधळ. कुणी बर्फ आणा म्हणतंय, कुणी मान मागे करा, कुणी मान मागे करू नका. विज्ञानाच्या बाईंनी कापसाचे बोळे दिले. सर खुर्चीत बसले, दाढीवर लाल ठिपके. आणि सेक्रेटरी ओरडत होते, "कुठाय तो काचवाला? बोलवा त्याला! काही खूण नको करायला? पद्धत म्हणून काही असते की नाही?"

आता ऐका. बाबा तिथेच होते. मुलीचा प्रयोग बघायला म्हणून नेमके त्याच वेळी आले होते, कामाचाच शर्ट, खिशाला पुट्टीचा डाग, सेक्रेटरींपासून दोन हातांवर उभे. सर धडकले तेव्हा सगळ्यात आधी त्यांना सावरलं ते बाबांनीच. खुर्ची आणली तीही त्यांनीच.

"मी आलोय, साहेब," बाबा म्हणाले.

"फोन लावा त्याला," सेक्रेटरी मोठ्या बाईंना म्हणाले.

"हल्ली कुणाला कामाची काळजीच नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. "स्वस्तात काम करतो म्हणून दिलं."

"वरचा मजला आपण दुसऱ्याला देऊ. हे असलं नको."

"साहेब," बाबा पुन्हा म्हणाले, "काचवाला मीच."

तेव्हा कुठे सेक्रेटरींची मान वळली. "तुम्ही? मग काय हे? एक साधी खूण करता येत नाही?"

बाबांनी काचेकडे पाहिलं. एक डोळा मिटून, तिरपं, जसं ते नेहमी बघतात. पुसणाऱ्याचा हात काचेवर कसा फिरला हे त्यांना दिसतं, कितीही लख्ख पुसली तरी. हा हात डावीकडून सुरू होऊन उजवीकडे खाली गोल थांबला होता. घरात डावखुरं एकच माणूस आहे. बाबांची नजर काचेवरून निघाली आणि काचेपलीकडे, टेबलामागे उभ्या असलेल्या भिंगरीवर येऊन थांबली. क्षणभरच. मग ते सेक्रेटरींकडे वळले.

"चूक झाली, साहेब."

भिंगरीला, खरं सांगायचं तर, संताप आला. बाबांवरच! सांगा ना! सांगा ना की फुल्या होत्या, कुणीतरी पुसल्या! पण सांगितलं तर पुढचा प्रश्न "कुणी" हाच येणार, आणि ते बाबांना माहीत होतं, आणि बाबांना माहीत आहे हे तिला माहीत होतं. तिने तोंड उघडलं तर प्रयोग गेला, वर्षभराची मेहनत गेली, परीक्षकांचं नाक फोडणारी मुलगी म्हणून नाव झालं. नाही उघडलं तर वरचा मजला गेला, आणि तीस वर्षांत ज्यांनी एकदाही फुली चुकवली नाही ते बाबा निष्काळजी ठरले.

इतक्यात सर उठलेच. माणूस जिद्दी. दोन्ही नाकपुड्यांत कापूस, वर बर्फाचा रुमाल, आणि बरोबर सगळी वरात. या वेळी दारातून आले. थेट भिंगरीच्या टेबलापाशी.

"एवढ्यासाठी नाक फोडून घेतलं," ते नाक बंद झालेल्या आवाजात म्हणाले, "तर आधी हेच बघतो. काय आहे?" त्यांनी चंचुपात्रात डोकावलं. "यात तर काहीच नाही."

"आहे, सर."

"मग सांगा. अदृश्य म्हणजे नेमकं काय?"

हे वाक्य तिने आरशासमोर पन्नास वेळा घोकलं होतं. "ज्या वस्तूतून प्रकाश न वाकता, न परावर्तित होता, न शोषला जाता आरपार..." तिची नजर सरांच्या खांद्यावरून मागे गेली. बाबा दाराबाहेरच थांबले होते. त्यांना कुणी आत या म्हटलं नव्हतं. लोक त्यांना वळसा घालून येत-जात होते, खांबाला घालतात तसा.

"...आरपार जातो," ती म्हणाली, "ती वस्तू. आणि माझे बाबा तशी वस्तू नाहीत!"

"काय?"

"ते तिथे उभे आहेत ते. काचवाले. माझे बाबा. ते अदृश्य नाहीत, सर! पाच फूट आठ इंच आहेत. प्रकाश त्यांच्यातून जात नाही, मी स्वतः बघितलंय, टीव्हीसमोर उभे राहिले की आम्हाला काही म्हणजे काही दिसत नाही! सेक्रेटरी सरांपासून दोन हातांवर होते ते, दोनदा 'मी आहे' म्हणाले, आणि सेक्रेटरी सर म्हणतात, फोन लावा! अहो, कुणाला फोन लावताय? समोर उभ्या असलेल्या माणसाला?"

"भिंगरी!" विज्ञानाच्या बाई दबक्या आवाजात म्हणाल्या.

पण झाकण उडालं होतं. "आणि खूण केली होती! दोन्ही काचांवर फुल्या होत्या, ह्या एवढ्या! मी पुसल्या. मला कुणी सांगितलं नव्हतं. मला त्या घाण वाटल्या, आणि तीन दिवस ठेवायच्या असतात हे मला माहीत होतं, तरी पुसल्या. तुमचं नाक माझ्यामुळे फुटलंय, सर." तिने सरांच्या दाढीवरचे लाल ठिपके बघितले. "सॉरी."

दुसऱ्या टेबलावरचा ज्वालामुखी तेवढा फसफसत राहिला.

"मग हे त्यांनी का नाही सांगितलं?" सेक्रेटरी म्हणाले, आणि हेही त्यांनी मोठ्या बाईंना विचारलं.

"त्यांनाच विचारा ना!" भिंगरी जवळजवळ रडत ओरडली. "आहेत ना ते! आहेत!"

सरांनी मागे वळून हात केला. "या हो, आत या."

बाबा आत आले. दारातून येताना मुठीवर पडलेला हाताचा डाग त्यांनी सवयीने शर्टाच्या बाहीने पुसला.

"फुल्या होत्या?" सरांनी विचारलं.

"होत्या."

"मघाशी बोलला नाहीत."

"मुलीचा प्रयोग व्हायचा होता," बाबा म्हणाले. बस, एवढंच. मोठ्या बाई अचानक पुठ्ठा वाचायला लागल्या.

"बरं," सर म्हणाले. "नाकाचं नंतर बघू. पण तुमचं हे भांडं अजून रिकामंच आहे, छोट्या बाई. काय आहे ते काढून दाखवा."

भिंगरीने डोळे पुसले आणि चिमटा पात्रात घातला. उजवीकडे, नाही. डावीकडे, नाही. चिमटा तळाला टकटक वाजत राहिला, ग्लिसरीन मनगटापर्यंत आलं, चिकट, गार. कांडी नाही म्हणजे नाहीच. तिच्या अदृश्य कांडीने तिलाच तोंडघशी पाडलं होतं. पलीकडची ती मुलगी फिसकन हसली.

"डावीकडे," मागून आवाज आला. "तळाला. जरा तुझ्याकडे."

बाबा गुडघ्यावर हात ठेवून वाकले होते, एक डोळा मिटून.

"बाबा, ती दिसत नाही!"

"मला दिसते."

"कशी दिसेल? अपवर्तनांक सारखा आहे!"

"तो असू दे. मधोमध एक बुडबुडा आहे. राईएवढा. टोकं घासताना बघितला होता."

सरांनी रुमाल बाजूला केला, चष्मा कपाळावर चढवला आणि नाक सांभाळत काचेला डोळा लावला. कितीतरी वेळ ते तसेच होते. मग म्हणाले, "आहे की!" आणि सेक्रेटरींना ओढून खाली वाकवलं. "हे बघा. नाही, तिथे नाही. यांनी सांगितलं तिथे बघा." सेक्रेटरींना काही तो बुडबुडा दिसला नाही. पण दिसला नाही हे कबूल करायला त्यांना बाबांकडेच बघावं लागलं.

नंबर आला नाही. ज्वालामुखीला पहिला मिळाला, जो दर वर्षी असतो आणि दर वर्षी फसफसतो! भिंगरीच्या कागदावर सरांनी लिहिलं होतं, "प्रयोग उत्तम. समज चांगली. सुरक्षेची खूण पुसल्याबद्दल पुढच्या फेरीसाठी निवड नाही." आणि खाली बारीक अक्षरात, "दुसऱ्या रकान्यावर पुन्हा विचार करावा." तिने तो कागद चारदा वाचला, चारही वेळा डोळे भरून आले, आणि चारही वेळा तिला तो चूक आहे असं म्हणता आलं नाही. शेवटी तिने पेन घेतलं आणि पुठ्ठ्यावरचं "हे सर्व चूक" खोडून टाकलं. त्याजागी "हे काही अंशी चूक" लिहावं का, यावर थोडा वेळ घालवला. मग तेही सोडून दिलं. चष्म्याच्या बाबतीत मात्र ती अजूनही ठाम होती.

दुपारी प्रदर्शन उठलं तेव्हा बाबा खडूची भुकटी कालवून बसले होते. त्यांनी ब्रश तिच्या हातात दिला.

"मी?"

"मग कोण? पुसल्या कुणी?"

ती खुर्चीवर चढली आणि कोपऱ्यापासून रेघ ओढायला लागली.

"जाड," बाबा खालून म्हणाले.

"जाडच काढतेय."

"ही जाड? ही पेन्सिलीची रेघ आहे. जाड काढ, लांबून दिसली पाहिजे."

"बाबा, तुम्ही तिकडे सगळ्यांसमोर गप्प बसता आणि माझ्यासमोरच कसं हो बोलता येतं?"

"तू ऐकतेस कुठे, म्हणून जास्त बोलावं लागतं. अजून जाड."

पहिली फुली होते न होते तोच काचेपलीकडून सेक्रेटरी आले. घाईत होते, हातात किल्ल्यांचा जुडगा. फुलीसमोर थबकले, वळले, दारातून आत आले. मोठ्या बाई व्हरांड्यातच होत्या. सेक्रेटरींनी आधी त्यांच्याकडे तोंड वळवलं, बोलायला ओठही उघडले. भिंगरीने खुर्चीवरून मोठा श्वास घेतला. बाबांनी खुर्चीच्या पायाला बुटाने हलकेच धक्का दिला, गप्प बस म्हणून.

सेक्रेटरी थांबले. मग बाबांकडे वळले.

"वरच्या खिडक्यांची मापं... उद्या जमेल तुम्हाला?"

"जमेल," बाबा म्हणाले. "पण तिथेही फुल्या राहणार, साहेब. तीन दिवस."

"राहू द्या."

ते गेल्यावर भिंगरी दुसऱ्या काचेकडे खुर्ची सरकवू लागली, आणि तिला काहीतरी आठवलं. ती उतरली, टेबलापाशी गेली, बाबांनी सांगितलेल्या जागी चिमटा घातला आणि कांडी बाहेर काढली. चिकट, छोटीशी, राईएवढ्या बुडबुड्याची. दप्तरातून लाल दोरा काढला. तो पहिल्या दिवसापासून दप्तरातच होता, बाबांनी गुपचूप टाकलेला. ग्लिसरीनच्या बोटांनी गाठ काही बसेना. दोनदा निसटली, तिसऱ्यांदा ती वैतागून ओरडली, "बाबा, तुम्ही बांधा ना!"

"आधी फुली पुरी कर," बाबा म्हणाले. "आणि जाड."